'एफ-३५ घ्या आणि विषय संपवा' म्हणणाऱ्यांसाठी (थोडं लांबलंय)

लालबागचा लेखनिक (धागाकर्ता)

सरसेनापती मुलुंडकर यांनी परवा ठोकून दिलंय की साठ एफ-३५ (रडारला सहज न दिसणारी, म्हणजे 'स्टेल्थ', अमेरिकन लढाऊ विमानं) घ्या, ॲम्का (आपलं होऊ घातलेलं स्वदेशी स्टेल्थ विमान) गुंडाळा आणि विषय संपवा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चीनकडे स्टेल्थ आहेच, पाकिस्तानला चिनी जे-३५ मिळेल, आपल्या हवाई दलाच्या स्क्वाड्रन (साधारण १८ विमानांच्या तुकड्या) मंजूर ४२ वरून २९ वर आल्यात, ॲम्का ही 'शास्त्रज्ञांची पेन्शन योजना' आहे आणि ट्रम्प ताट वाढून बसलेत तरी आपण उपास धरलाय. खाली रांगेने 'सहमत', '+१', 'दंडवत'. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, तो वाढत गेला म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांना जिलबी वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

ताट नक्की कुणी वाढलंय? १३ फेब्रुवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये मोदींच्या शेजारी उभे राहून ट्रम्प बोलले की पुढेमागे भारताला एफ-३५ देण्याचा मार्ग मोकळा करतोय. झालं. ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने लोकसभेत सांगितलं की याबाबत औपचारिक चर्चाच झालेली नाही. किंमत नाही, संख्या नाही, अटींचा कागद नाही. आणि आपण मात्र ती अंबाल्याच्या हवाई तळावर ठेवायची की हाशिमाराच्या यावर हाणामारी करतोय.

दुसरं, एस-४००, म्हणजे विमानं पाडणारी रशियन क्षेपणास्त्र यंत्रणा. तिची रडारं एफ-३५ ची गुपितं टिपतील ही अमेरिकेची भीती. तुर्कस्तान एफ-३५ चा नुसता गिऱ्हाईक नव्हता, भागीदार होता. विमानाचे भाग त्यांच्या कारखान्यात बनत, शंभर विमानं घ्यायचं ठरलेलं, वैमानिक अमेरिकेत शिकत होते. रशियाकडून एस-४०० आल्याबरोबर जुलै २०१९ मध्ये त्यांना कार्यक्रमातून काढून टाकलं. नाटोचा सदस्य असून. आपण त्याच एस-४०० चा करार ऑक्टोबर २०१८ मध्ये केलाय आणि मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर ती यंत्रणा सोडायची भाषा कुणीच करणार नाही. मग मुलुंडकरसाहेब, दोन्ही एकाच आकाशात कशी नांदवणार तेवढं सांगा.

तिसरं म्हणजे देखभाल, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. विमानाची किंमत ८ कोटी डॉलरच्या आसपास, हे सगळे मिरवतात. अमेरिकेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे गाओने, मार्च २०२३ चा आकडा दिलाय की त्यांच्या ताफ्यातली ५५ टक्केच विमानं मोहिमेला सज्ज होती. आयुष्यभराच्या देखभालीचा त्यांचा अंदाज दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेलाय. टीआर-३ या विमानातल्या नव्या संगणकसंचाचं सॉफ्टवेअर तयार नव्हतं म्हणून जुलै २०२३ पासून वर्षभर अमेरिकेच्या हवाई दलाने नवी विमानं ताब्यातच घेतली नाहीत. बनवणाऱ्याच्या घरी ही कथा. आपल्याला मिशन डेटा (शत्रूची रडारं, शस्त्रं ओळखायची माहिती) त्यांच्याकडून घ्यायचा, सुट्या भागांची मागणी त्यांच्या संगणकप्रणालीतून नोंदवायची, अपग्रेड त्यांच्या वेळापत्रकाने. उद्या कुणा राष्ट्राध्यक्षाला आपलं तेल कुठून येतं ते आवडलं नाही, तर?

हे नुसतं 'तर' नाही. मे १९९८ मध्ये पोखरण झालं तेव्हा तेजसच्या फ्लाइट कंट्रोलवर काम करायला आपले अभियंते अमेरिकेत बिंगहॅम्टनला बसले होते. त्यांना परत पाठवलं, सामान तिथेच अडकवलं. कंपनी कोणती? लॉकहीड मार्टिन. एफ-३५ कोण बनवतं? बसा विचार करत.

माझं म्हणणं एवढंच आहे की संख्या भरायची तर तेजस मार्क-१ए आणि राफेल आहेत, आणि स्टेल्थसाठी जो पैसा बाजूला काढाल तो ॲम्काच्या इंजिनात घाला.

सरसेनापती मुलुंडकर

वा. माझ्या पोस्टमधली अर्धी वाक्यं स्वतःच्या सोयीने वाकवलीत, पण असो. 'गुंडाळा' नव्हतो म्हणालो, 'त्याच्यावर विसंबू नका' म्हणालो होतो.

तुमचा तो पैसा इंजिनात घातला की इंजिन कधी बाहेर येतं? कावेरी १९८९ ला मंजूर झालं, २००८ ला तेजसपासून वेगळं काढलं. तेजस प्रकल्प १९८३ चा, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. ॲम्काला मंत्रिमंडळ समितीची मंजुरी मिळाली मार्च २०२४ मध्ये, १५ हजार कोटी, आणि उत्पादन म्हणे २०३५ च्या सुमारास. आपल्या घड्याळाने २०३५ म्हणजे किती, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणतो. चीनचं जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडालं. मे २०२४ च्या उपग्रहचित्रांत तेच शिगात्सेला उभं दिसलं, सिक्कीमच्या डोक्यावर. तोवर आपण काय करत होतो? १२६ विमानांची निविदा काढली २००७ मध्ये, आणि २०१६ ला हातात पडला ३६ राफेलचा करार. त्यानंतर ११४ साठी २०१८ ला पुन्हा माहिती मागवली. आपण विमानं घेत नाही हो, माहिती घेतो.

५५ टक्क्यांवर नाक मुरडताय? कॅगचा २०१६ चा अहवाल काढा. नौदलाच्या मिग-२९के ची सज्जता १६ ते ३८ टक्क्यांच्या मध्ये होती. त्यापुढे ५५ म्हणजे डिस्टिंक्शन. आणि जून २०२५ मध्ये इस्रायलची एफ-३५ इराणवर जाऊन आली, ती काय गाओचा अहवाल वाचायला गेली होती?

कुलाबा काठ

लेखनिकांशी सहमत. १९९८ चं पुस्तकी नाही, घरातलं सांगते.

माझे वडील नौदलात हेलिकॉप्टरवर तंत्रज्ञ होते, आम्ही नेव्हीनगरला राहायचो. सी किंग ब्रिटिश बनावटीचं, पण आत अमेरिकन भाग. निर्बंध लागले आणि सुटे भाग बंद. बाबा घरी आले की हातपाय धुतानाच सांगायचे, आज अमक्या मशीनमधला पंप काढून तमक्यात बसवला. शेवटी एक हेलिकॉप्टर नुसता सांगाडा राहिलं होतं, प्रत्येक रिकाम्या जागी लाल टॅग बांधलेला, त्यावर काय काढलं, कधी काढलं, कुठे लावलं ते पेनाने लिहिलेलं. दुरुस्त करता येत असून करता येत नव्हतं, याचा त्यांना जास्त त्रास व्हायचा. नवीन लग्न झालेले वैमानिक तासच भरत नाहीत म्हणून कुरकुरायचे, ते वेगळंच.

त्यामुळे 'अमेरिका आता मित्र आहे' हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

सरसेनापती मुलुंडकर

ताई, वडिलांबद्दल पूर्ण आदर. पण मग त्या सी किंगच्या जागी नौदलाने काय घेतलं? एमएच-६०आर. २४ नग. कुणाचं? सिकॉर्स्कीचं. सिकॉर्स्की कुणाची? २०१५ पासून लॉकहीड मार्टिनची. शिवाय नौदलाचंच पी-८आय टेहळणी विमान, आणि हवाई दलाची सी-१७, अपाची, चिनूक. ज्या नौदलाने ते लाल टॅग बांधले त्यानेच सगळं विसरून अमेरिकन दुकानात रांग लावली. नौदलाला चालतं, आणि चर्चेला बसलेल्यांना नाही?

लालबागचा लेखनिक

एमएच-६०आर चा मुद्दा तुमचा. फ्रेम करून लावा.

पण पाणबुडी शोधणारं हेलिकॉप्टर अडकलं तर एक काम अडतं. पहिल्या रात्री शत्रूच्या हद्दीत घुसायला म्हणून जे घेतलंय तेच अडकलं तर युद्धाचा आराखडा अडतो. आणि इस्रायलचं उदाहरण देताना हेही सांगा की स्वतःची इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली आणि स्वतःचं सॉफ्टवेअर त्या विमानात घालायची मुभा त्यांना मिळाली, तशी इतर कुणाला नाही. आपल्याला देतील? एस-४०० शेजारी उभं असताना?

भोचक

स्टेल्थबिल्थ सगळं मार्केटिंग आहे हो. १४ जून २०२५ ला ब्रिटिशांचं एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं तेव्हा आपल्या हवाई दलाने जाहीर सांगितलं की आमच्या यंत्रणेने ते टिपलं आणि ओळखलं. मग हायड्रॉलिक बिघडलं आणि पाहुणे २२ जुलैपर्यंत मुक्कामाला! आधी पावसात उभं, मग हँगरमध्ये, मग इंग्लंडहून माणसं आली. केरळ पर्यटनवाल्यांनी त्यावर जाहिरात करून घेतली. आणि १९९९ ला सर्बियाने अमेरिकेचं स्टेल्थ विमान एफ-११७ पाडलं ते साठच्या दशकातल्या क्षेपणास्त्राने. कशाला हवेत हे खेळ? त्या पैशात ड्रोन घ्या.

लालबागचा लेखनिक

भोचकराव, तुम्ही माझ्या बाजूचे म्हणून गप्प बसणार होतो, पण राहवत नाही. शांतताकाळात, इंधन कमी आहे म्हणून उतरायची परवानगी मागणारं विमान ट्रान्सपाँडर (आपली ओळख स्वतःच कळवणारं उपकरण) चालू ठेवूनच येतं. ते 'टिपणं' म्हणजे दारावर बेल वाजवणाऱ्याला पकडणं. हा मुद्दा कृपया कुठेही वापरू नका, आपलं हसं होतं.

खडाष्टक

सर्बियाबद्दल: २७ मार्च १९९९. एफ-११७ रोज त्याच त्या वाटेने जात होती, खाली बसलेल्यांना वाट पाठ झाली होती. लांब तरंगलांबीच्या जुन्या रडारने चाहूल घेतली, मारा रडार अगदी थोडा वेळ चालू केलं आणि सोडलं. स्टेल्थचा आकार एक्स बँडसाठी, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटरच्या लहरींसाठी घडवतात. मीटरभर लांबीच्या व्हीएचएफ लहरींना तो दिसतो, पण धूसर. तेवढ्या धूसर चित्रावर क्षेपणास्त्र नेऊन आदळवता येत नाही. त्या अख्ख्या युद्धात एफ-११७ एकच पडलं. म्हणून 'स्टेल्थ फुसकं' हा निष्कर्ष निघत नाही, आळशी नियोजन फुसकं एवढा निघतो.

जाता जाता, या सगळ्याच्या मुळाशी जे गणित आहे ते प्योतर उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाचं, १९६२ मध्ये छापलेलं. रशियनांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. लॉकहीडच्या माणसांनी अनुवाद वाचला आणि विमान बनवलं. कागद आपल्याकडेही भरपूर आहेत, वाचणारं कोण?

बाकी धाग्याच्या विषयावर मी मुलुंडकरांच्या बाजूने. स्टेल्थ हवंच, आणि आजच हवं.

ओझरची लेक

'आजच हवं' तर रशियाचं स्टेल्थ सुखोई-५७ का नाही, यावर कुणीच बोलत नाहीये. फेब्रुवारी २०२५ च्या एरो इंडिया प्रदर्शनात बंगळुरूच्या येलहंकाला एफ-३५ आणि सुखोई-५७ दोन्ही होती. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत मिग-२१ पासून सुखोई-३०एमकेआय पर्यंत रशियन विमानं बनली. माझं माहेर तिथल्या टाउनशिपमधलं, आता लग्नानंतर भांडुप. लहानपणी विमान वर गेलं की आवाजावरून सांगायचो, पहिलं उड्डाण आहे की दुरुस्तीनंतरचं. पहिल्या उड्डाणाला खालच्यांचं बोलणं आपोआप थांबायचं, कुणी कुणाला सांगत नसे. लोकांचे हात तयार आहेत, जिग्ज आहेत, धावपट्टी आहे. रशिया सोर्स कोडही देतो म्हणतोय. आणि एस-४०० चा प्रश्नच येत नाही.

हिशेबनीस

ताई, रशिया 'देतो म्हणतोय' हे २०१० पासून ऐकतोय. तेव्हा याच विमानाच्या भारतीय आवृत्तीच्या प्राथमिक आराखड्यासाठी २९.५ कोटी डॉलरचा करार केला होता. २०१८ ला आपण बाहेर पडलो. हातात काय आलं? विक्रमादित्य या विमानवाहू बोटीचं तर विचारूच नका, २००४ ला ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरले, २०१० पर्यंत २३५ कोटी झाले, आणि बोट आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. आधी पैसे, मग बोट, मग आणखी पैसे.

पण अमेरिकन 'फिक्स्ड प्राइस'वरही कुणी उड्या मारू नयेत. स्वित्झर्लंडने ३६ एफ-३५ ठरलेल्या किमतीत घेतली असं त्यांच्या सरकारने जनतेला छातीठोकपणे सांगितलं होतं. २०२५ मध्ये अमेरिकेने कळवलं की ६५ कोटी ते १३० कोटी फ्रँक वाढतील. घड्याळवाल्यांना हिशेबात गंडवलं, तर तुम्ही आम्ही कोण?

वडाळा डेपो

परदेशी माल आणि सुटे भाग यावर एवढं लांब कशाला जाता? वडाळ्याला या. मोनोरेल बघा. गाड्या मलेशियाच्या कंपनीच्या. फेब्रुवारी २०१४ ला चेंबूर ते वडाळा सुरू झाली. नोव्हेंबर २०१७ ला म्हैसूर कॉलनीला दोन डबे जळाले, सप्टेंबर २०१८ पर्यंत सगळंच बंद. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीशी करार तोडला. सुटे भाग कुठून आणायचे? तसली गाडी दुसरं कुणी बनवत नाही. मग गाड्या डेपोत उभ्या आणि फलाटावर माणसं ताटकळत. विमानाचंही हेच होणार. एकच दुकान, एकच किल्ली.

खडाष्टक

कायच्या काय. एफ-३५ एक हजारच्या वर बनलीत, जपानपासून नॉर्वेपर्यंत उडतायत. सुट्या भागांचा साठा जगभर आहे. मोनोच्या गाड्या मोजून दहा. तुलना तरी बरोबरीत करा.

आणि मोनो सुट्या भागांमुळे मेली नाही. मार्गामुळे मेली. भक्ती पार्क, म्हैसूर कॉलनी, पुढे भारत पेट्रोलियम आणि फर्टिलायझर टाउनशिप. तिथे उतरणार कोण? ज्याला परळला जायचंय त्याने आधी चेंबूरला यावं, मग हवेतून वडाळा बघत बघत सातरस्त्याला उतरावं आणि पुन्हा टॅक्सी शोधावी. असला मार्ग पेन्सिल घसरल्याशिवाय आखता येत नाही.

वडाळा डेपो

तुम्ही कधी बसलायत का? अँटॉप हिल, आचार्य अत्रे नगर, नायगाव इथल्या लोकांना दुसरं काय होतं? बसची वाट बघत उभं राहायचं. मार्गाला नावं ठेवणारे सगळे पश्चिम रेल्वेवाले असतात. माझी आई गुडघ्यांमुळे लोकलचा जिना चढू शकत नाही, मोनोला लिफ्ट होती, गर्दी नव्हती. २० सप्टेंबर २०२५ पासून बंद केली तेव्हापासून ती दादरला मावशीकडे गेलेलीच नाही.

भोचक

१९ ऑगस्ट २०२५ विसरलात वाटतं. तुंबलेल्या पावसात गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मधे लटकली, आत पाचशेच्या वर माणसं, एसी बंद, अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवलं. घ्या तुमची लिफ्ट.

खडाष्टक

आणि त्या दिवशीचं कारण माहितीये? क्षमता १०४ टनांची, भरली १०९ टनांच्या आसपास. वजनाने वीजपट्टीशी संपर्क तुटला. हार्बर बंद पडली म्हणून सगळे तिथे धावले. म्हणजे इथेही सुटे भाग नाहीत, मलेशिया नाही. गर्दी. वडाळा डेपोंनी आपला दाखला मागे घ्यावा.

वडाळा डेपो

मागे वगैरे काही घेत नाही. ऑगस्टचं कारण वजन होतं, ते ठीक. २०१७ ते २०१९ चं कारण काय होतं? करार तोडून एमएमआरडीएने सगळं स्वतःच्या अंगावर का घेतलं, हौस म्हणून? आणि आता नव्या गाड्या कुठून आल्या? हैदराबादहून. मेधा कंपनीने बनवल्या. म्हणजे दहा वर्षं परदेशी गाड्यांवर घासून शेवटी इथेच बनवाव्या लागल्या. हाच तर लेखनिकांचा मुद्दा आहे!

हिशेबनीस

त्याच हैदराबादच्या नव्या गाडीची चाचणी घेताना नोव्हेंबर २०२५ मध्ये वडाळ्यातच ती कलंडली होती ना? सहज आठवलं.

वडाळा डेपो

चाचणीत कलंडली. चाचणी त्यासाठीच असते. प्रवासी नव्हते आत. एक तर तुम्हाला देशी नको आणि परदेशीही नको, मग चालत जा सगळे!

गर्जना

विमान असो की मोनो, बनणार कुठे हे कोण विचारतंय? टाटा-एअरबसचा सी-२९५ प्रकल्प नागपूरला यायचा म्हणून इथे पेढे वाटायची तयारी होती. ऑक्टोबर २०२२ ला कळलं, वडोदरा. त्याच्या महिनाभर आधी वेदांता-फॉक्सकॉनचा चिप कारखाना, तोही गुजरातला. महाराष्ट्राने फक्त कर भरायचा आणि सहा पदरी रस्ते बांधायचे. ॲम्का असो की एफ-३५, आमच्या पोरांना काय?

खडाष्टक

फॉक्सकॉनवाल्यांनी पुढच्या वर्षी वेदांताशी फारकत घेतली. जे तिथेही झालं नाही ते इथून गेलं म्हणून किती वर्षं रडायचं?

ओझरची लेक

गर्जना, ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए ची तिसरी उत्पादन साखळी ओझरलाच सुरू झाली. नाशिकच्या धावपट्टीवरून विमान उडालं. नाशिक महाराष्ट्रात येतं अशी माझी समजूत आहे. आनंद पण व्यक्त करत चला कधीतरी.

सरसेनापती मुलुंडकर

विमान उडालं, छान. इंजिन कुठलं होतं त्यात? जीई एफ४०४. ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ला दिली, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये, ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा. ज्या अमेरिकेच्या भीतीने एफ-३५ नको, तिच्याच इंजिनावर तुमचं स्वदेशी विमान. ॲम्का मार्क-१ सुद्धा एफ४१४ वरच. लेखनिक, तुमची सगळी इमारत या एका खांबावर उभी आहे आणि तो खांब मॅसॅच्युसेट्सचा आहे.

लालबागचा लेखनिक

हेच तर सांगतोय कधीपासून! इंजिनात पैसा घाला म्हणालो ते हवेत नाही म्हणालो. एचएफ-२४ मारुत आठवतंय? कुर्ट टँकचा आराखडा, जून १९६१ मध्ये उडालं, देखणं विमान. आवाजाच्या वेगाच्या पुढे जायचं म्हणून आखलेलं आणि बसवलं काय, तर त्या मानाने दुबळं ऑर्फियस. इंजिनाविना ते वाळत गेलं. साठ वर्षांपूर्वीचा धडा. ॲम्का मार्क-२ साठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटनचं इंजिन करायचं ठरतंय, ते खरोखर झालं पाहिजे, डिझाइनच्या हक्कांसकट. एफ४०४ चा उशीर हा एफ-३५ घ्यायच्या बाजूचा पुरावा कसा होतो ते मला कळत नाही. इंजिन उशिरा आलं तर सांगाडा आपल्याकडे राहतो, इंजिन बदलायचा मार्ग उरतो. एफ-३५ मध्ये काय बदलणार? आसनाचं कव्हर?

सरसेनापती मुलुंडकर

आणि साफ्रानचं इंजिन येईपर्यंत पोरं कशात बसणार? मिग-२१ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप देऊन संपवलं. १९६३ पासून वापरलं, कारण दुसरं वेळेत आलं नाही. माझा मावसभाऊ त्यावर होता. मावशी फोन दुपारी यायचा की रात्री यावरून ठरवायची, घाबरायचं की नाही. 'स्वदेशी येईल' म्हणणाऱ्यांपैकी कुणीही कधी तिच्याकडे जाऊन बसलेलं नाही. इथे लाल टॅगची गोष्ट सांगितली की सगळे हळहळतात. ही पण ऐका.

कुलाबा काठ

तुमच्या मावशींचं ऐकूनच म्हणते, तिला विमान हवंय. ते अमेरिकनच हवं असं ती नाही म्हणाली. राफेल आणखी घेतली तर भावाला बसायला काय हरकत आहे?

सरसेनापती मुलुंडकर

राफेल स्टेल्थ नाही. हे मला तिसऱ्यांदा लिहावं लागतंय.

खडाष्टक

एफ-३५ तरी पंखांखाली बॉम्ब टांगले की स्टेल्थ कुठे राहतं? पोटात हवेतून हवेत मारायची चार क्षेपणास्त्रं मावतात. (मी मुलुंडकरांच्याच बाजूने आहे, पण खरं ते खरं.)

तासकाम

सकाळपासून वाचतोय, आता मशीनवर पोरगं आहे म्हणून लिहितो. अंबरनाथ एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं युनिट आहे. विमानाचं काम केलंय, कुणाचं ते विचारू नका.

तळहाताएवढा टायटॅनियमचा ब्रॅकेट. टायटॅनियम उष्णता सोडत नाही, टूलच्या टोकाशी धरून बसतं. कूलंटचा फवारा जरा हलला की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला, आणि इन्सर्ट गेलेला कळायच्या आधी सरफेस गेला. हाताने बघितलं तर काही नाही, बोट फिरवलं तर लागतं. मग तो पीस सीएमएम या मापं तपासणाऱ्या मशीनवर चढवायचा, तापमान २० अंशांवर ठेवलेल्या खोलीत, रात्रभर तिथेच ठेवून. ब्रॅकेटपेक्षा त्याची फाइल जड: कच्च्या मालाच्या हीट नंबरपासून ऑपरेटरच्या सहीपर्यंत. एवढं करून मधेच ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते आणि तयार पीस भंगारात. भंगाराचे पैसे कोण देणार यावर पत्रव्यवहार, बिल अडकलेलं, आणि बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला.

माझी तक्रार कामाची नाही. काम शिकलो, पोरांना शिकवलं. प्रश्न संख्येचा आहे. ॲम्काचे प्रोटोटाइप पाच. पाच विमानांसाठी पाच अक्षांची मशीन कुणी घेत नाही. मे २०२५ ला खासगी कंपन्यांना स्पर्धेत उतरू द्यायचं मॉडेल मंजूर झालं, चांगलंच झालं. पण मोठी कंपनी ऑर्डर घेईल आणि खाली आमच्याकडे 'सध्या दहा पीस करा, पुढचं बघू' असं येईल. लेखनिक म्हणतात इंजिनात पैसा घाला. घाला. मुलुंडकर म्हणतात थांबायला वेळ नाही. बरोबर. पण तुमच्या दोघांच्या भांडणात पहिली पक्की ऑर्डर किती विमानांची, हे कुणी लिहिलंच नाही. लॉकहीडचा ठेकेदार मशीन घेतो, कारण त्याला पुढच्या शेकडो विमानांचा आकडा समोर दिसतो.

लालबागचा लेखनिक

तासकाम, हे मूळ लेखात असायला हवं होतं, पण मग मुलुंडकरांनी वाचलं नसतं.

तेजसचं बघा. २०२१ ला ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७. पहिल्या दिवशीच १८० म्हटलं असतं तर तुमच्यासारख्या कितीतरी जणांनी मशीन घेतली असती.

सरसेनापती मुलुंडकर

१८० ची ऑर्डर देऊनही एचएएलने वेळेत दिली नसती, पण तासकाम यांचं पटलं. माझी शेवटची मागणी लिहून ठेवतो: ॲम्काची किमान १२० ची ऑर्डर आजच द्या, माझा विरोध नाही. आणि तोवर दोन स्क्वाड्रन एफ-३५. फक्त दोन. चीनने तिबेटमध्ये पुन्हा जे-२० आणलं तर उत्तर द्यायला काहीतरी असू दे.

हिशेबनीस

दोन स्क्वाड्रनसाठी वेगळे हँगर, वेगळं प्रशिक्षण, वेगळी शस्त्रं, वेगळा सुट्या भागांचा साठा. आधीच सुखोई, मिराज, जॅग्वार, मिग-२९, राफेल, तेजस असे सहा प्रकार सांभाळतोय. सातवा ३६ विमानांसाठी? त्यात एस-४०० ची अट आलीच. अमेरिकेने माफ केलं तरी त्या बेसपासून एस-४०० इतक्या अंतरावर ठेवा म्हणतील, आणि मग ते अंतर मोजायला माणूसही तेच पाठवतील.

सरसेनापती मुलुंडकर

एस-४०० चं उत्तर माझ्याकडे नाही, ते सरकारने काढावं. आमचं काम मागणी करायचं.

लालबागचा लेखनिक

स्क्रीनशॉट घेतलाय.

संपादक मंडळ

मोनोरेलसंबंधीचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवत आहोत, इथल्यापेक्षा तेच जास्त झालेत. वैयक्तिक शेरे टाळा.

वडाळा डेपो

हलवा, पण मार्गाला नावं ठेवणारा प्रतिसाद आधी आणि माझा नंतर, याच क्रमाने हलवा. नाहीतर मीच भांडण उकरलं असं दिसेल.

तासकाम

पाच अक्षांच्या मशीनचं कोटेशन माझ्याकडे पडून आहे, मुदत संपत आलीय. १२० चा कागद निघाला तर कुणीतरी कळवा.

गर्जना

मशीन अंबरनाथलाच लावा पण. नाहीतर म्हणाल वडोदऱ्याला जागा स्वस्त मिळाली.